मोडलेला नेम आणि पुढचं जेवण

पत्र

ताई, नमस्कार. मी 44 वर्षांचा, अशोक चौकाच्या बाजूला राहतो. युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे. फेब्रुवारीत तीन महिन्यांची शुगर (HbA1c) तपासली, 6.0 आली. डॉक्टर म्हणाले, बॉर्डरवर आहात, गोळी अजून नको, चाला आणि खाण्याकडे बघा. वडिलांना शुगर होती. शेवटी त्यांच्या पायाचं बोट काढावं लागलं, ते मी पाहिलंय. म्हणून पाडव्यापासून कडक नेम धरला. पहाटे पाचला उठून सिद्धेश्वर तलावापर्यंत चालत जाऊन यायचं, दिवसाला दहा हजार पावलं, बारा सूर्यनमस्कार, साखर बंद, भात बंद, बाहेरचा चहा बंद, रात्रीचं जेवण साडेसातच्या आत. अडीच आठवडे एक दिवस चुकला नाही. मग सीझन अंगावर आला. एका रात्री घरी यायला साडेअकरा झाले, पहाटे जाग आली नाही. त्याच आठवड्यात भाचीचं लग्न. तिथे भात खाल्ला, जिलबी खाल्ली. म्हटलं, आता मोडलंच आहे तर एकदम आषाढीपासून नीट सुरू करू. आषाढीला धरलं ते श्रावणात मोडलं. दसऱ्याला धरलं ते दिवाळीत मोडलं. आता रिपोर्ट 6.3 आलाय. बायको म्हणते, तुमचं सगळं नाहीतर काहीच नाही. मला वाटतं माझ्यात चिकाटीच नाही. मन खंबीर करायला काय करू? जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा विचार आहे.

– एक वाचक, सोलापूर

उत्तर

दादा, नमस्कार.

चिकाटी नसलेला माणूस कटिंगच्या टेबलावर टिकत नाही. एकावर एक कापडाचे थर अंथरायचे, कडा जुळवायच्या, वर फर्मा ठेवून खडूने आखायचं आणि मग मशीन हातात घ्यायचं. रेघ अर्धा इंच सरकली तर एक शर्ट बिघडून भागत नाही, खालपर्यंतचा सगळा थर वाया जातो. अशा कामात 'जवळपास बरोबर' याला काही किंमत नसते, आणि तुम्ही इतकी वर्षं त्याच शिस्तीत उभे आहात. माझ्या मते तुमची अडचण तिथूनच आली आहे. टेबलावरचा नियम तुम्ही तसाच्या तसा शरीराला लावला: एक रेघ चुकली की अख्खा थर बाद. शरीराचा हिशोब तसा चालत नाही, आणि याचा पुरावा तुमच्या हातातल्या रिपोर्टमध्येच आहे.

ही तपासणी काय मोजते ते बघा. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात. तेवढ्या काळात रक्तातली साखर त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते. शंभरातल्या किती हिमोग्लोबिनला ती चिकटली, हा तुमचा आकडा. म्हणजे 6.3 ही दोन-तीन महिन्यांची सरासरी आहे, आणि त्यात शेवटच्या महिन्याचा वाटा जवळजवळ निम्मा असतो. भाचीच्या लग्नातल्या जिलबीने त्या रात्री साखर वर गेली असेल, पण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही नेहमीसारखे चालले असता तर तीन महिन्यांच्या सरासरीत ती जिलबी शोधूनही सापडली नसती.

आता तुमच्याच पत्रातून हिशोब करू. पाडव्यापासून दिवाळीपर्यंत सात महिने. त्यात नेमाचे दिवस किती? पाडव्यानंतरचे अडीच आठवडे, आषाढी ते श्रावण, दसरा ते दिवाळी. सगळे मिळून फार तर दोन महिने. उरलेले पाच महिने तुम्ही पुढच्या मुहूर्ताची वाट बघत होतात, आणि त्या काळात ना चालणं होतं ना खाण्यावर लक्ष. आकडा वाढला तो बहुधा अशा रिकाम्या काळामुळे. लग्नाला, श्रावणाला किंवा दिवाळीच्या फराळाला उगाच दोष देऊ नका.

'आता मोडलंच आहे तर...' हे वाक्य तुमच्या एकट्याच्या मनात येत नाही. टोरांटोच्या जेनेट पॉलिव्ही आणि पीटर हर्मन या मानसशास्त्रज्ञांनी खाण्यावर बंधन घालून घेणाऱ्या लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांना वारंवार दिसलं ते असं: स्वतःवर कडक नियम लादलेल्या माणसाला आधी काहीतरी गोड, जड खायला दिलं, की नंतर तो नियम नसलेल्या माणसापेक्षा जास्त खातो. पोट भरलेलं असतं, पण मनात दिवस बाद झालेला असतो आणि बाद झालेल्या दिवसाला कोण जपणार? नियम जितका कडक तितका तो लवकर मोडतो, आणि मोडल्यावर माणूस तितकाच खोल घसरतो. तुमचा एक दिवस बाद झाला की पुढचा मुहूर्त येईपर्यंतचे महिनेही बाद होतात, एवढाच फरक.

या सगळ्याच्या मुळाशी मला वडिलांचं ते बोट दिसतं. तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात, पण अख्ख्या पत्रात तेच वाक्य सगळ्यात जड आहे. ड्रेसिंग करताना पाहिलेली ती जखम कोणी विसरत नाही. एवढी मोठी भीती बसलेली असली की तिच्यापुढे 'जेवल्यावर दहा मिनिटं चाला' हा सल्ला अगदी किरकोळ वाटतो. एवढ्याने काय होणार? मग माणूस भीतीच्या मापाचा नेम आखतो. पहाटे पाच, दहा हजार, साखर बंद, भात बंद. ठरवलं त्या रात्री फार बरं वाटतं. भीती गप्प बसते. खरं तर अजून काहीच केलेलं नसतं, पण ठरवण्यानेच सुटल्यासारखं वाटतं. आणि नेम मोडला की ती भीती दुप्पट होऊन परत येते, म्हणून त्याकडे बघायलाच नको वाटतं. तुम्ही आळशी आहात म्हणून नेम सुटत नाही. घाबरलेले आहात म्हणून तो पेलवणार नाही एवढा मोठा बांधता. हे घरात एकदा बोलून टाका. 'सगळं नाहीतर काहीच नाही' हे वहिनींनी बरोबर ओळखलं आहे, पण त्यामागे काय आहे हे त्यांना कदाचित ठाऊक नसेल.

आणि त्या भीतीला माझ्याकडे एक खरी गोष्ट आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2006 मध्ये आले. त्यात 531 माणसं होती, साधारण पस्तीस ते पंचावन्न वयाची, तुमच्यासारखीच बॉर्डरवरची. ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन सोडलं त्यांच्यातल्या शंभरातल्या 55 जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना रोजचं चालणं आणि खाण्यातले साधे बदल लावून दिले आणि ज्यांचा पाठपुरावा केला, त्यांच्यात हे प्रमाण 39 वर आलं. मधुमेह सगळ्यांचा टळला असं मी म्हणणार नाही, पण शंभरातले सोळा जण म्हणजे सोळा घरं. हे लोक पहाटे पाचला उठणारे साधू नव्हते. नोकरी, प्रपंच, लग्नकार्यं सांभाळणारी आपल्यासारखी माणसं होती.

तर गड्ड्यापर्यंत थांबू नका. जानेवारीत गड्डा, त्याच्या आगेमागे हुरडा, मग लग्नं, मग सीझन. सोलापुरात मोकळा महिना कधी येतच नाही, आणि त्याची वाट बघायचं कारणही नाही. आज रात्री जेवण झालं की पाण्याचा तांब्या खाली ठेवा आणि दहा मिनिटं गल्लीत चाला. एवढंच. आपले आजोबा शतपावली करायचे, त्याला आता शास्त्राचा आधार आहे. चालताना पायाचे स्नायू आकसतात आणि इन्शुलिनची फारशी मदत न घेता रक्तातली साखर ओढून घेतात. जेवल्यावर साखर चढायला लागते, नेमक्या त्याच वेळी हे झालं तर चढ कमी होतो. पहाटेच्या चालण्याचे फायदे आहेतच, पण तुमच्या दुखण्याला रात्रीची दहा मिनिटं जास्त लागू पडतात, आणि त्यासाठी झोप मोडावी लागत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 42-43 वर जातो, तेव्हा तर रात्रच बरी.

दहा हजार पावलांचं ओझंही उतरवा. हा आकडा कुठल्या वैद्यकीय तपासणीतून आलेला नाही. 1965 मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आणलं, त्याच्या नावातच 'दहा हजार पावलं' होतं, तिथून तो जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटना 2020 पासून प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि सोबत स्पष्ट म्हणते की काहीच नसण्यापेक्षा थोडा बरा. सलग दहा मिनिटं झालीच पाहिजेत ही जुनी अटही आता गेली. तुम्ही दिवसभर टेबलाशी उभे असता, पाय भरून येतात, म्हणून व्यायाम झाला असं वाटू शकतं. उभं राहणं हे चालणं नाही, एवढं लक्षात ठेवा.

रोजचा नेम इतका लहान ठेवा की सीझनमधल्या सगळ्यात वाईट रात्रीही तो होईल. अंगात त्राण असेल तेव्हा खुशाल पाऊण तास चाला, सुट्टीच्या दिवशी पहाटे तलावावर जा, सूर्यनमस्कार घाला. ते सगळं वरकड. नेम म्हणून मोजायची ती फक्त रात्रीची दहा मिनिटं. एप्रिल-मे-जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी तुमच्या कारखान्यात काय गडबड असते ते मी समजू शकते. त्या दिवसांसाठी वेगळी सोय आत्ताच ठरवून ठेवा: डबा आठच्या सुमारास तिथेच खायचा, आणि जेवल्यावर कारखान्याच्या आवारात फेऱ्या मारायच्या. साडेअकराला घरी येऊन जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं, हे शुगरला सगळ्यात वाईट. सोबत एखादा हेल्पर आला तर आणखी चांगलं. कटिंग मास्टर चालतोय म्हटल्यावर कोणी हसणार नाही.

खाण्याच्या बाबतीत 'बंद' हा शब्दच काढून टाका. कारखान्यात दिवसाला चार-पाच चहा होत असतील. त्यातला एक कमी करा आणि उरलेल्यांत साखर अर्धी करायला सांगा. दोन-तीन आठवड्यांत जिभेला सवय होते, मग आणखी थोडी कमी करता येते. भात सोडू नका, ताटात त्याची जागा बदला. आधी कांदा-काकडी, भाजी, आमटी, मग भाकरी, आणि भात शेवटी, एक वाटी. या क्रमाने जेवल्यावर साखर सावकाश चढते असं तपासून पाहिलेलं आहे.

भाकरीबद्दल मात्र थोडं सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे तिच्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय. ज्वारी चांगलीच, तांदळापेक्षा तिच्यात चोथा जास्त. पण भाकरीतही पिष्टच असतं. 'भाकरी आहे, कितीही खाल्ली तरी चालते' म्हणून कडक भाकरी आमटीत कुस्करून तीन-चार संपवल्या तर शुगर चढणारच. दोन पुरेत. त्यासोबत शेंगाचटणी दोन चमचे असू दे, शेंगदाण्यातल्या तेलाने आणि प्रथिनाने पोट धरून राहतं, फक्त मिठाकडे लक्ष ठेवा. आणि श्रावणात तुमचा नेम मोडला तो कशाने हे तुम्ही लिहिलं नाही, पण उपवासाची साबुदाणा खिचडी आणि बटाट्याचा कीस असेल तर नवल नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपवास करायचाच तर भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक आणि फळ यांवर करा, तेही बेतानं.

आता चुकलेल्या दिवसाचं काय करायचं. चुकणार हे धरूनच चला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांना रोज एक नवी सवय लावायला सांगितली, खाण्या-पिण्याची किंवा व्यायामाची, आणि बारा आठवडे ती कशी अंगवळणी पडते ते नोंदवलं. 'एकवीस दिवसांत सवय लागते' असं जे कानावर येतं ते तिथे खरं ठरलं नाही. कोणाची सवय 18 दिवसांत बसली, कोणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला, मधला आकडा 66 दिवसांचा. व्यायामाच्या सवयीला पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयीपेक्षा जास्त वेळ लागला. आणि तुमच्यासाठी मोलाची गोष्ट पुढे आहे: मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय बसण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे साडेअकराला घरी आलात त्या रात्री काहीही तुटलेलं नव्हतं. तुटलं असं तुम्ही ठरवलंत, आणि मग आषाढीची तारीख काढलीत.

म्हणून एकच कडक नियम घ्या, तुमच्या स्वभावाला कडक नियम लागतोच. पुन्हा सुरू करायला मुहूर्त बघायचा नाही. सोमवार नाही, एक तारीख नाही, पाडवा नाही. लग्नाच्या पंगतीत जेवलात तर त्याच रात्री मंगल कार्यालयाबाहेर दहा मिनिटं चाला. ते राहिलं तर पुढच्या जेवणानंतर चाला. आणि भरपाई करायची नाही, हेही तितकंच सांभाळा. काल जिलबी खाल्ली म्हणून आज उपाशी, काल चाललो नाही म्हणून आज दीड तास, असलं काही करू नका. भरपाई म्हणजे स्वतःला दिलेली शिक्षा, आणि शिक्षा वाटणारी गोष्ट चार दिवसांत नकोशी होते. मग ये रे माझ्या मागल्या.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर चाललेल्या दिवसाला पेन्सिलीने टिंब द्या. 'सलग किती दिवस' हे दाखवणारं मोबाइलमधलं ॲप असेल तर काढून टाका, तुमच्या स्वभावाच्या माणसाला ते घातकच. महिना संपला की टिंबं मोजा. वीस असतील तर तो महिना चांगला गेला. चौदा असतील तर वहिनींसोबत बसून बघा की कोणत्या रात्री हुकल्या आणि का. बहुतेक त्यात काहीतरी ठराविक निघतं, शनिवारचा पगार किंवा अर्जंट ऑर्डर, आणि त्यावर इलाज सापडतो.

असं सैल सोडलं तर सगळंच ढिलं पडेल, ही शंका तुमच्या मनात आली असेल. रास्त आहे. म्हणून सांगते, सैल सोडायचा आहे तो वरचा भाग: किती चाललो, किती वेगाने, ताटात नेमकं काय होतं. खालची दहा मिनिटं सैल नाहीत. अंगात ताप असेल, पायाला जखम असेल किंवा चालताना छातीत दुखलं तर थांबा आणि डॉक्टरांकडे जा. एरवी ती व्हायचीच. आणखी एक, तुम्ही पत्रात उल्लेख केलेला नाही, पण कारखान्यात मावा-तंबाखू चालतो म्हणून लिहिते. 'थोडं चालेल' हा हिशोब तंबाखूला अजिबात लावू नका. ती पूर्णच सुटली पाहिजे. शुगर आणि तंबाखू मिळून पायाच्या रक्तवाहिन्यांचं काय करतात ते तुम्हाला मी सांगायला नको. मात्र तिथेही एकदा हात गेला म्हणून पुढचा महिना तिच्या नावावर लिहून देऊ नका.

6.5 पासून पुढे मधुमेह धरतात, म्हणजे तुमच्याजवळ अजून जागा आहे, पण फार नाही. हा रिपोर्ट घेऊन या आठवड्यात डॉक्टरांना भेटा. गोळी लागेल की नाही ते त्यांना ठरवू दे, आणि लागली तर तुम्ही हरलात असं समजू नका. रक्तदाब बघून घ्या, रोज रात्री पाय धुताना तळवे आणि बोटांच्या बेचक्या नजरेखालून घाला. पुढची तपासणी तीन महिन्यांनी, फेब्रुवारीच्या अखेरीला, सीझन डोक्यावर यायच्या आधी करा. तारीख त्याच कॅलेंडरवर लिहून ठेवा. आकडा आला की मला कळवा, आणि वाढलेला आला तरी कळवा. तेव्हा टिंबं किती झाली तेही लिहा, मग पुढचं काय बदलायचं ते दोन्ही आकडे समोर ठेवून बघू.

– तुमची ताई